नमुना क्रमांक सत्तेचाळीस

मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेत
सदतीस अंश राखायचे म्हणजे थंड करावं लागतं.
बाहेर शेहेचाळीस, खोलीत एक्केचाळीस.
इन्क्युबेटरला तापवणं ठाऊक, निववणं नाही.
मग प्लेटा उचलून आम्ही
कंप्रेसरवाल्या जुन्या पेटीत नेतो,
आणि लाइट गेली की वसुंधरा सोनकुसरे
पेटीवर ओला टॉवेल घालते,
तापल्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा.
आत काय वाढतंय
हे तिला पक्कं माहीत असतं.

त्या उन्हाळ्यात मी फडकी गोळा करत होते.
अर्जावर लांबलचक शीर्षक होतं,
पण कामाच्या पिशवीत नुसती फडकी:
कॉटन मार्केटची, बर्डीची, मेडिकल चौकातली.
निळ्या चौकड्यांची, जुन्या बनियनची,
एक तर कुणाच्या फ्रॉकचं, फुग्याची बाही तशीच.
प्रत्येकाला एक नवं फडकं देऊन
जुनं मागून घ्यायचं.
लोक हसायचे. बाई भांडीवाली आहे का, विचारायचे.

सत्तेचाळीसावं टीकाराम परातेंचं.
बीएस्सीच्या पहिल्या वर्षापासून
त्यांच्या गाडीवर माझी उधारी.
प्रॅक्टिकलच्या सकाळी
पोह्यांवर तर्री, तर्रीत मूठभर जास्तीचा चना,
आणि माझी प्लेट ते दोनदा पुसायचे.

तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं.
लाल आगारवर काळी बुबुळं,
गोल, ओली, एकमेकींपासून अंतर राखून
माझ्याकडे बघणारी.
काचपट्टीवर सीरमचा थेंब टाकला
तर दूध नासावं तसे कण धरले.
साल्मोनेला.
औषधांच्या चकत्या ठेवल्या,
पाचांपैकी तिघींभोवती
एवढंसंही अंगण मोकळं झालं नाही.

सांगायला गेले तेव्हा गर्दी ओसरली होती.
"तर्री तं पहाटे चारपासून उकळते, मॅडम,
जंतू कुठून येईन त्याच्यात?"
तर्रीत नाही, म्हटलं. फडक्यात.
त्यांनी खांद्यावरचं, मीच दिलेलं,
हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.
"पण मी तं पुसूनच देतो सगळ्यायले."

हे वाक्य कुठल्या तक्त्यात भरायचं?
साबण, वाहतं पाणी, कोरडं कापड
अशी माझी तीन कलमं तयार होती.
नळ दोनशे पावलांवर, तोही तासभर.
सकाळभराला एक बादली,
तिच्यातच हात, तिच्यातच प्लेटा,
तिच्यातच ते.
मी बादलीकडे बघत राहिले
आणि कलमं पर्समध्येच राहिली.
निघताना त्यांनी विचारलं, खाऊन जाता ना?
पहिल्यांदाच मी घड्याळ पाहिलं.

शोधनिबंधात ते एनजीपी-४७ झाले.
परीक्षकाने लिहिलं, स्रोत स्पष्ट करावा.
मी लिहिलं: कापड, सुती, वापरलेले.

आता गाडी नाही तिथे, मेट्रोचा खांब आहे.
टीकारामभाऊ मुलाकडे बेस्याला गेले म्हणे,
की आणखी कुठे, कुणी नीट सांगत नाही.
त्यांच्या फडक्यातला तो मात्र
उणे ऐंशीवर, ग्लिसरॉलमध्ये,
माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीखाली सुखरूप आहे.
कधीही बाहेर काढा, रात्रीतून जागा होतो.

परवा धंतोलीत नव्या एका पोऱ्याला म्हटलं,
ओलीच दे रे प्लेट, पुसू नको.
त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी त्याच्या आईबद्दल काही बोलले.
"ओली कशी देऊ, मॅडम?"
आणि खांद्याकडे हात नेला.